पंधरा वर्षं आणि एक हलफनामा

आपल्या नात्यातली बरीच मंडळी आता बाहेर आहेत. कुणी जर्मनीत, कुणी अमेरिकेत, कुणी आखातात. फोनवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्या मिनिटाला विषय कागदांवर येतो. परमिटची मुदत कधी संपते, नोकरी बदलली तर परमिट राहतं का, किती वर्षं पूर्ण झाली, अजून किती राहिली. इकडे परळीत बसलेले आजी-आजोबा हे सगळं ऐकतात आणि म्हणतात, "काय बाई एकेक नवीन!"

नवीन? मंडळी, हे अजिबात नवीन नाही. तुम्ही किती वर्षं राहिलात, कुठे जन्मलात, परत जाणार आहात का, नोकरी द्यायची की नाही... हे सगळे प्रश्न परळी वैजनाथ ज्या राज्यात होतं त्या राज्याने शंभर वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवले होते. फरक एवढाच की तेव्हा "परदेश" म्हणजे नगर, बार्शी, सोलापूर आणि पुणे! आज जरा त्याबद्दल लिहितो.

आजच्या मुलांना हे सांगितलं की गंमत वाटते, पण परळी १९४८ पर्यंत हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अमलाखाली नव्हतीच. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. बीड जिल्ह्याची पश्चिमेची हद्द नगर जिल्ह्याला (आताचं अहिल्यानगर) लागते, आणि ती हद्द म्हणजे दोन राज्यांमधली सीमा होती. तिकडे मुंबई इलाखा, इकडे निजामाचा मुलूख. इकडचं नाणं वेगळं: हाली सिक्का. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये असा हिशोब. इकडचं पोस्टाचं तिकीट वेगळं. सीमेवर करोडगिरीची नाकी, म्हणजे माल आणायचा-न्यायचा तर जकात भरायची. कचेरीची भाषा उर्दू. कलेक्टरला म्हणायचं अव्वल तालुकदार. नगरचा मराठी माणूस बैलगाडीतून बीडकडे आला की बोली तीच, भाकरी तीच, विठोबा तोच... पण सरकारदरबारी तो परका.

आणि या परक्याला एक नाव होतं: गैरमुल्की.

इथे एक खुलासा. मराठीत आपण "मुलकी" हा शब्द महसुलाच्या किंवा दिवाणी कारभारासाठी वापरतो, जसं मुलकी पाटील, मुलकी खातं. हैदराबादेतला "मुल्की" वेगळा. मुल्की म्हणजे या मुलखाचा, इथला. जो नाही तो गैरमुल्की. आज आपण ज्याला रहिवासी, डोमिसाइल, परमनंट रेसिडेंट वगैरे म्हणतो, ते सगळं या एका शब्दात होतं.

हा शब्द आला कुठून? पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं हैदराबादचे दिवाण होते. त्यांनी जुना, मोडकळीला आलेला कारभार नीट लावला. १८६५ च्या सुमारास जिल्हे पाडले, महसुलाची खाती बसवली, न्यायालयं आणली. या नव्या खात्यांना शिकलेली माणसं हवी होती. तशी माणसं संस्थानात फार नव्हती, म्हणून त्यांनी ती बाहेरून, मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातून आणली. मोहसिन-उल-मुल्क, सय्यद हुसेन बिलग्रामी, उर्दूतले मोठे कादंबरीकार नझीर अहमद ही सगळी अशी आलेली माणसं. हुशार होती, कामाची होती. पण त्यांच्यामागून त्यांचे भाऊ, भाचे, मेव्हणे आणि गाववालेही आले! (नोकरी लागलेल्या माणसाच्या मागे गाव जातं, हे तर आपल्याला घरच्या अनुभवाने माहीत आहे.) १८८४ च्या सुमारास दरबारी भाषा फारसीऐवजी उर्दू झाली आणि उत्तरेकडच्या माणसांना आणखी सोपं झालं. हैदराबादचे जुने लोक बाजूला पडले आणि कुरकुर सुरू झाली. आमच्या राज्यात आम्हालाच नोकरी नाही! हे वाक्य कुठल्याही शहरात, कुठल्याही शतकात ऐकू येतं.

लक्षात घ्या, ही मूळची तक्रार काही हिंदू-मुसलमान नव्हती. मराठी-तेलुगूही नव्हती. हैदराबादचा मुसलमान उमराव आणि लखनौकडून आलेला मुसलमान अधिकारी यांच्यातलं ते भांडण होतं. परळीच्या शेतकऱ्याला त्या भांडणात कुणी विचारलंही नव्हतं.

शेवटी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, १९१९ साली, मुल्की नियम पक्के झाले. ते नियम वाचताना मला आजच्या कुठल्याही देशाच्या इमिग्रेशन ऑफिसचा फॉर्म वाचतोय असंच वाटलं. थोडक्यात सांगतो.

मुल्की कोण? जो जन्माने संस्थानचा प्रजाजन आहे तो, म्हणजे ज्याच्या जन्माच्या वेळी त्याचा बाप मुल्की होता. किंवा ज्याचा बाप सरकारी नोकरीत होता आणि पोराच्या जन्माच्या वेळी त्या नोकरीची पंधरा वर्षं पुरी झाली होती तो. किंवा मुल्की पुरुषाची बायको. आणि चौथा मार्ग बाहेरून आलेल्या सामान्य माणसासाठी: संस्थानात निदान पंधरा वर्षं कायमचं वास्तव्य हवं, आणि आपल्या आधीच्या गावी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे असं ठरलेल्या नमुन्यात हलफनाम्यावर लिहून ते मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घ्यायला हवं.

यातलं काहीच नसेल तर? तर सरकारी नोकरी नाही. वरची नाही आणि खालचीही नाही. अपवाद एकच, वरून खास मंजुरी आणली तर.

पुन्हा एकदा वाचा. पंधरा वर्षं राहणं पुरत नाही. "परत जाण्याचा विचार सोडला आहे" हे सहीनिशी सांगावं लागतं. पंधरा वर्षं मोजता येतात हो. भाडेपावती, शाळेचा दाखला, दोन प्रतिष्ठित माणसांची साक्ष, काहीतरी दाखवता येतं. पण विचार सोडला की नाही हे मॅजिस्ट्रेट कसं तपासणार? माणूस स्वतः तरी कसं तपासणार? नगर जिल्ह्यातून आलेल्या एखाद्या कारकुनाने ती सही करताना काय विचार केला असेल? तिकडे थोडी जमीन, म्हातारी आई, ग्रामदैवताची जत्रा. इकडे बायकापोरं आणि सरकारी पगार. सही तर केलीच असणार. आणि त्याच वर्षी जत्रेलाही गेला असणार!

या नियमांत आणखी दोन गोष्टी माझ्या डोळ्यांत भरल्या.

पहिली: बाहेरून आलेल्या बड्या अधिकाऱ्याच्या मुलाला हलफनामा लागत नव्हता. बापाची पंधरा वर्षं नोकरी झालेली असली की पोरगं जन्मतःच मुल्की. म्हणजे ज्या "बाहेरच्यां"वरून सगळी ओरड सुरू झाली, त्यांच्या पुढच्या पिढीला दार उघडंच होतं. हलफनामा करायची वेळ यायची ती दुकानदार, मास्तर, मुनीम असल्या माणसांवर. कागदाचा जाच नेहमी खालच्या पायरीवर जास्त का असतो, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

दुसरी: बाईचं मुल्कीपण नवऱ्यावरून ठरायचं. नगरकडची मुलगी लग्न होऊन परळीत आली की मुल्की. पंधरा वर्षं थांबायला नको, हलफनामा नको. वाचताना आधी बरं वाटलं, मग वाटलं की माहेरी परत जाण्याचा विचार तिने सोडला आहे, हे सरकारने न विचारताच गृहीत धरलं होतं. सरकारने आणि आपणही.

आता परळीकडे वळू. नियम तर परळीकराच्या बाजूचा होता. परळीच्या शेतकऱ्याचा, कोष्ट्याचा, वाण्याचा मुलगा पिढ्यान्‌पिढ्यांचा मुल्की. हलफनामा नको, काही नको. सरकारी नोकऱ्या त्याच्यासाठीच राखीव! मग त्याला त्या मिळत होत्या का?

फार कमी. कारण नोकरीसाठी मुल्की असणं लागायचं तसं उर्दू येणंही लागायचं. संस्थानात मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा, तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे, आणि घरात उर्दू बोलणारे दहा-बारा टक्के. पण कचेरी, कोर्ट, पोलीस आणि वरचं शिक्षण उर्दूत. मुल्की नियम १९१९ चे, आणि उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले तेही १९१९ मध्येच. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते खोटंही नव्हतं. मेडिकल, इंजिनिअरिंग उर्दूतून शिकवणं ही काही लहान गोष्ट नाही. पण परळीच्या मुलाला उर्दू ही इंग्रजीइतकीच परकी. मराठीतून शिकायच्या शाळा थोड्या, आणि खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागायची.

म्हणजे झालं असं की हक्काचा कागद परळीकराकडे जन्मापासून होता, पण त्या कागदापर्यंत पोचायची शिडी नव्हती. मला हा सगळ्यात मोठा धडा वाटतो. "स्थानिकांना प्राधान्य" असं लिहून सरकार मोकळं होतं. स्थानिकाला शाळा दिली का, त्याच्या भाषेत कारभार केला का, हे विचारायचं राहूनच जातं.

ती शिडी लावायला कोण आलं? हीच तर मौज आहे. गैरमुल्की माणसं आली!

स्वामी रामानंद तीर्थ. मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. शिक्षण सोलापूर, अमळनेर, पुणे असं सगळं "इंग्रजी हद्दीत". कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काही काळ काम केलं. मग हा माणूस सीमा ओलांडून निजामाच्या मुलखात आला तो उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला. तिथून १९३५ च्या सुमारास अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेत. सरकारी कागदांत अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद. परळीपासून पंचवीसेक किलोमीटर. आजही परळीची मुलं शिकायला अंबाजोगाईला जातात, हे तुम्हाला सांगायला नको.

संन्याशाला सरकारी नोकरी नको होती, त्यामुळे मुल्की सर्टिफिकेटचा प्रश्न त्यांना पडला नसावा. पण बाहेरचे लोक येऊन आमच्या रयतेला भडकवतात, हा निजाम सरकारचा आवडता आरोप होता, आणि हा आरोप अशाच माणसांवर होता. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. नंतरही अनेक वेळा गेले. १९५२ साली ते गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून लोकसभेवर निवडून आले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेतच वारले. परत जाण्याचा विचार सोडल्याचा हलफनामा कुणी खऱ्या अर्थाने केला असेल तर तो या माणसाने, आणि तोही कुठल्याही नमुन्यावर सही न करता.

याच काळात उलटी वाटही चालू होती. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच. म्हणजे हे मुल्की विद्यार्थी आपला मुलूख सोडून "परदेशात" शिकायला गेले, आणि तिथे त्यांना पंधरा वर्षं कुणी विचारली नाहीत.

सप्टेंबर १९४८. पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपण हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि पाळायलाच हवा. पण कागदांच्या या गोष्टीत त्यानंतर एक विचित्र वळण येतं.

नव्या सरकारने कारभार चालवायला मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून अधिकारी आणि कारकून आणले. कचेऱ्यांतून उर्दू मागे पडू लागली. ज्याने वीस वर्षं उर्दूत मिसला लिहिल्या त्या कारकुनाचं शिक्षण जवळजवळ एका रात्रीत बिनकामाचं झालं. त्यांत मुसलमान होते, तसे उर्दू शिकलेले हिंदूही होते. (पोलीस ॲक्शननंतर काही जिल्ह्यांत मुसलमानांवर जे अत्याचार झाले, ते भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवले आहेत. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगताना ते पानही उलटून जाऊ नये.) आणि पुन्हा तीच ओरड: आमच्या राज्यात बाहेरचे! सालारजंगांच्या वेळी लखनौकडचे, आता मद्रासकडचे. १९५२ च्या उन्हाळ्यानंतर वरंगळकडून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. "गैरमुल्की गो बॅक" आणि "इडली सांबार गो बॅक" अशा घोषणा. ३ आणि ४ सप्टेंबर १९५२ ला हैदराबाद शहरात पोलिसांनी गोळीबार केला, तरुण मुलं मेली. बोगस मुल्की सर्टिफिकेटं काढून बाहेरच्यांनी नोकऱ्या मिळवल्या, ही त्या मुलांची मुख्य तक्रार होती. म्हणजे बोगस दाखल्यांचा उद्योगही जुनाच!

मराठवाड्याची वाट मात्र वेगळी झाली. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात मराठवाडा आणि विदर्भाला सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल असं कबूल केलं गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बीडसह मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ज्या मुंबई इलाख्याची माणसं कालपर्यंत परळीत गैरमुल्की होती, त्याच मुंबईच्या राज्यात परळी विनाअट सामील झाली. घटनेच्या सोळाव्या कलमाने जन्मस्थान किंवा रहिवास यावरून सरकारी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे, संसदेने कायदा केला तरच रहिवासाची अट चालते. संसदेने १९५७ साली तसा कायदा केला, तो मार्च १९५९ मध्ये अमलात आला, आणि तेलंगणासारखे काही भाग सोडून रहिवासाच्या जुन्या अटी रद्द झाल्या. परळीत मुल्की नियम संपले ते असे. मोर्चा नाही, समारंभ नाही. दिल्लीत एक कायदा लागू झाला आणि चाळीस वर्षांचा एक कागद रद्दी झाला.

तेलंगणात मात्र तो भूत होऊन राहिला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणासाठीची तरतूद रद्द केली. तिकडे मोठं आंदोलन झालं. मग ३ ऑक्टोबर १९७२ ला त्याच न्यायालयाने मुल्की नियम तिथे अजून लागू आहेत असा निकाल दिला. (योगायोग बघा, तो स्वामीजींचा जन्मदिवस!) आता आंध्रची मंडळी उठली, जय आंध्र आंदोलन झालं. शेवटी १९७३ मध्ये संसदेने मुल्की नियम कायमचे काढून टाकले आणि त्याऐवजी घटनेत ३७१-ड हे कलम घातलं. वेगळं तेलंगण २०१४ मध्ये झालं, पण त्याची मुळं शोधत गेलात तर १९१९ च्या त्या कागदापर्यंत पोचाल.

आणि आपल्याकडे तरी तो कागद खरंच संपला का?

महाराष्ट्राचं डोमिसाइल काढायला गेलात तर किती वर्षांचा रहिवास लागतो? पंधरा! हा आकडा निजामाकडून घेतला असं मी म्हणत नाही, पण वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही. कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो, त्यालाही अट त्या गावांत पंधरा वर्षं राहिल्याची. आणि अगदी अलीकडे, २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय आला. त्या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर प्रत्येकाचं मत आहे आणि ते तुम्ही चहाच्या टपरीवर ऐकलंच असेल. पण एक गोष्ट बघा. निजामाच्या काळातली उर्दू आणि मोडीतली कागदं वाचू शकणारी माणसं पुन्हा शोधावी लागली. ज्याच्याकडे जमिनीचा कागद नाही त्याने, आपले पूर्वज त्या भागात राहत होते असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. म्हणजे पुन्हा हलफनामा! शंभर वर्षांनी परळीचा तरुण पुन्हा त्याच प्रश्नासमोर उभा आहे: तू इथला आहेस, पण कशावरून?

आणि हा प्रश्न फक्त शिकलेल्यांना पडतो असं नाही. दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. एका कोयत्याला उचल घेतलेली जोडपी, गाडीत भांडीकुंडी आणि पोरं. सहा महिने ती माणसं जिथे राहतात तिथे त्यांचा काही कागद नसतो, आणि जिथे कागद असतो तिथे ती नसतात. पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकाकडून ओळखपत्र देण्याची योजना आहे. चांगलं आहे. पण यांची "वर्षं" कुठल्याच गावात मोजली जात नाहीत. दरवर्षी सहा महिने याप्रमाणे तीस हंगाम काढले तरी कारखान्याच्या गावी माणूस बाहेरचाच. त्याने परत जाण्याचा विचार सोडावा असं कुणी म्हणत नाही. पाडवा झाला की त्याने परत जावं, असंच सगळ्यांना वाटतं.

उलट परळीतच बघा. १९७१ साली थर्मलचा पहिला संच सुरू झाला आणि कुठकुठची माणसं आली. विदर्भातली, आंध्रातली, कोकणातली. कॉलनीत गणपती बसायला लागले, पोरं इथल्या शाळांत गेली. आज त्यांची नातवंडं परळीची बोली अशी बोलतात की ऐकत राहावं. त्यांना मुल्की कोणी केलं? कागदाने नाही. वैजनाथाच्या पायऱ्यांवर शेजारी बसणाऱ्या माणसांनी केलं. तसंही ज्या देवळाचा जीर्णोद्धार माळव्यात राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंनी केला, त्या गावाने मुल्की-गैरमुल्की करत बसणं शोभलंही नसतं.

आता बाहेरच्या आपल्या मंडळींसाठी. हे सगळं तुमच्यासाठीच लिहिलंय.

जर्मनीने २०२४ मध्ये नागरिकत्वासाठीची मुदत आठ वर्षांवरून पाच केली. पण भाषेची बी-वन पातळी लागतेच. अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांची वर्षानुवर्षं जातात. आणि समजा सगळं पार पडून तिकडचा पासपोर्ट मिळाला, तर आपल्या कायद्याप्रमाणे इकडचा परत करावा लागतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. २००५ पासून ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर येता-राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परत जाण्याचा विचार सोडला आहे, याची आजची सही ती हीच.

फोनवर तुमच्यापैकी काहीजण ही सही करायच्या आधी गप्प होतात. आपण काहीतरी गद्दारी करतोय असं वाटतं म्हणतात. त्यांना मला एवढंच सांगायचंय की सरकारला वर्षं मोजता येतात, मन मोजता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी हलफनामा करून नगरच्या जत्रेला जाणारा तो कारकून खोटारडा नव्हता. त्याने सरकारला हवा तो कागद दिला आणि आपल्याला हवं ते मन ठेवलं. कागद हा कागद आहे. तो नीट भरा, वेळेवर भरा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स ठेवा.

मात्र त्याबरोबर परळीचा दुसरा धडाही घ्या. नुसता हक्काचा कागद हातात असून भागत नाही. आमच्या पणजोबांच्या पिढीकडे तो होता आणि तरी कचेरीचं दार बंदच होतं, कारण आतली भाषा येत नव्हती आणि शिकवायला शाळा नव्हती. तुम्हाला तिथे शाळा आहे. भाषा शिका. ऑफिसात इंग्रजीवर भागतं म्हणून सोडून देऊ नका. परमिट देणारा साहेब जी भाषा बोलतो ती यायला हवी, आणि शेजारची म्हातारी जी बोलते ती तर यायलाच हवी.

आणि सुट्टीवर घरी आलात की इथे आलेल्या बाहेरच्या माणसाकडे जरा बघा. कारखान्यावरचा बिहारी, फरशी बसवणारा राजस्थानी, हॉटेलात भांडी घासणारा नेपाळी पोरगा. तिकडे व्हिसाच्या खिडकीवर तुम्ही जसे उभे असता, तसाच तो इथे भाड्याच्या खोलीच्या दारात आधार कार्ड घेऊन उभा असतो. "कुठला रे तू?" हे आपण कुठल्या सुरात विचारतो, तेवढं ऐका. बास.

असो. फार लांबलं.

एक विनंती आहे. जुन्या घरांत, ट्रंकांत, फडताळांत निजामाच्या काळातली कागदं अजून पडलेली असतात. उर्दू शिक्का असलेलं मुल्की सर्टिफिकेट किंवा हलफनामा कुणाच्या घरी असेल तर रद्दीत देऊ नका. वाचता येत नाही म्हणून टाकू नका. फोटो काढून मला पाठवा, उर्दू वाचणारी माणसं परळीत अजून आहेत, आपण बसून वाचून घेऊ. कुणाच्या पणजोबांनी कुठलं गाव "सोडल्याचं" लिहून दिलं होतं, ते एकदा बघायला मिळालं तर फार बरं वाटेल.